पायांच्या रक्तवाहिन्यांची तपासणी: तुमचे प्रश्न

प्रश्न: आमचे गणेशोत्सव मंडळ दरवर्षी रक्तदाब-साखर तपासणी शिबिर घेते. यंदा पायांच्या रक्तवाहिन्याही तपासायच्या आहेत. काय तयारी करावी?

उत्तर: पायांच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत का, हे या तपासणीत कळते. आधी फलक नीट लिहा. ‘पायदुखी तपासणी’ लिहिलेत तर गुडघेदुखीवाल्यांची रांग लागेल. ‘ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबले की दहा मिनिटांत उतरतो, पुन्हा चालले की पुन्हा येतो का?’ असे विचारा. मणक्यात नस दबली असेल तर नुसते उभे राहून भागत नाही, बसावे किंवा वाकावे लागते. कित्येकांना मात्र काहीच दुखत नाही. म्हणून विडी-सिगारेट ओढणारे आणि पन्नाशीपुढचे मधुमेही यांना आवर्जून बोलवा.

हातात धरायचा ८ मेगाहर्ट्‌झचा डॉपलर (धमनीतल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारे यंत्र), जेल, रक्तदाबाचे साधे यंत्र, वेगवेगळ्या मापांचे पट्टे आणि खाटा लागतील. खाटा टाळू नका: बसवून मोजले तर घोट्यातला दाब खोटाच जास्त येतो आणि आजार निसटतो. माणसाला ५ ते १० मिनिटे उताणे झोपू द्या. पट्ट्याची खालची कड घोट्याच्या हाडाच्या २ सेंमी वर ठेवा. जखमेवर पट्टा बांधू नका. दोन्ही दंडांचा वरचा दाब घ्या. मग प्रत्येक पायाच्या दोन धमन्यांचा घ्या: एक पावलाच्या पाठीवरची, दुसरी आतल्या घोट्यामागची. त्या पायाच्या मोठ्या आकड्याला दंडांतल्या मोठ्या आकड्याने भागा. घोट्यात ११२, दंडात १४० असेल तर ०.८० येते. ०.९० किंवा कमी म्हणजे धमनी अरुंद झाली आहे. अशांना डॉक्टरांकडे पाठवा, पण घाबरवू नका. तंबाखू सोडणे, रोजचे चालणे आणि औषधे यांवर बहुतेकांचे भागते.

प्रश्न: वडिलांना १८ वर्षे मधुमेह आहे. शिबिरात १.५ आकडा आला, ‘रक्तप्रवाह उत्तम’ म्हणाले. पायाच्या अंगठ्याची जखम मात्र दोन महिने भरत नाही.

उत्तर: हा आकडा उत्तम नाही. १.४०च्या वर गेला की धमनीच्या भिंतीत चुना साचून ती पट्ट्याने दबतच नाही, असे समजावे. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात हे बऱ्याचदा दिसते. अंगठ्याच्या धमन्या सहसा अशा कडक होत नाहीत, म्हणून तिथला दाब छोट्या पट्ट्याने मोजतात. दंडाशी गुणोत्तर ०.७०च्या खाली असेल तर रक्त कमी पोहोचते आहे. याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांना दाखवा. तोवर गरम पाण्यात पाय बुडवू नका, घरी ब्लेड लावू नका, अनवाणी चालू देऊ नका. पाऊल अचानक गार, पांढरे पडले, बोट काळे झाले किंवा ताप आला, तर त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या.