चिलीच्या टेलेटॉनसारखा, म्हणजे टीव्हीवरून देणग्या गोळा करणारा लांबलचक कार्यक्रम जळगावच्या केबलवर करून दिव्यांग मुलांच्या उपचार केंद्रासाठी निधी उभा राहील का?

राहील, पण चिलीसारखं २७ तास सलग दाखवण्याचा हट्ट सोडा. चिलीत १९७८ साली टीव्ही निवेदक डॉन फ्रान्सिस्को यांनी हे सुरू केलं, तेव्हापासून त्याचं बळ वेळेत नाही, एकीत आहे: साऱ्या मोठ्या वाहिन्या एकत्र येतात, पैसा एकाच बँकेत जमा होतो आणि जमलेला आकडा पडद्यावर सतत दिसतो. आपला पाचशेचा हातभार त्या आकड्यात पडताना पाहिला की माणूस शेजाऱ्यालाही फोन लावतो. खानदेशात हेच करायचं तर जळगाव, धुळे, नंदुरबारच्या केबलवाल्यांना एकाच संध्याकाळी जोडा, निवेदन अहिराणीतही ठेवा. तारीख कपाशीचा पैसा हातात आल्यावरची, म्हणजे दिवाळीनंतरची धरा. बाजार समितीत पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ते बसवाच, कारण आडतीवर आलेला शेतकरी टीव्हीपुढे नसतो. मी धुळ्यात एका संस्थेचे वर्गणीचे हिशेब पाहतो; ज्याला पावती मिळते तो पुढच्या वर्षी पुन्हा देतो, हे तिथे नेहमी दिसतं. संस्था नोंदणीकृत नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी घ्या. देणगीदाराला आयकरात सवलत देणारी ८०-जी मान्यता असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, तेव्हा मोठी रक्कम खात्यावरच घ्या.

एक मात्र सांभाळा. मुलांची कीव येईल असं दाखवू नका. मेक्सिकोच्या टेलेटॉनवर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने याच अंगाने आक्षेप घेतला होता. मुलं बोलणार असतील तर काय बोलायचं ते त्यांनाच ठरवू द्या.