कंपनी कुठे काढू? : वाचकांचे प्रश्न, धंदा आणि टॅक्स

या महिन्यात आलेल्या निम्म्या पत्रांचा सूर एकच आहे, अमुक देशात टॅक्सच नाही, तमुक देशात कंपनी घरबसल्या निघते, मग आपण इथे का झिजायचं. त्यातले चार प्रश्न घेतलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

प्रश्न (पुणे): मी कोथरूडला घरूनच ॲप डेव्हलपमेंट करतो, क्लायंट अमेरिका आणि जर्मनीतले, वर्षाला साधारण २२ लाख येतात. यूट्यूबवर बघितलं की एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेऊन तिथे कंपनी काढली की टॅक्स शून्य. मित्र म्हणतो त्यापेक्षा दुबई बरी. काय करू?

उत्तर: आधी मला सांगा, कंपनी निघाल्यावर तुम्ही बसणार कुठे? कोथरूडलाच ना? मग अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

एस्टोनियाचं कौतुक खोटं नाहीये. २०१४ च्या डिसेंबरपासून ते परदेशी माणसाला डिजिटल ओळखपत्र देतात, त्यावर सही करून इथून कंपनी काढता येते. नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर टॅक्स नाही हेही खरं, पण तो घरखर्चाला बाहेर काढलात की २०२५ पासून २२ टक्के. म्हणजे शून्य नाही, उधारी आहे. आणि ई-रेसिडेन्सी म्हणजे तिथलं रहिवासीपण नव्हे, टॅक्सच्या हिशेबाने तर नाहीच. दुबईतही आता २०२३ च्या जूननंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के आहे, ३० लाख दिरहमपर्यंत उलाढाल असेल तर सूट मिळते पण ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या वर्षांपुरतीच, आणि फ्री झोनची (सवलतीच्या खास व्यापारी भागाची) शून्याची सवलत ठराविक उत्पन्नालाच लागते, हे रीलमध्ये कोणी सांगत नाही.

आता खरी गोम. तुम्ही भारतात राहता म्हणजे जगातलं तुमचं सगळं उत्पन्न इथे टॅक्सला येतं, एस्टोनियाहून पगार काढा नाहीतर डिव्हिडंड. त्यात कंपनीचं सगळं काम तुम्ही कोथरूडच्या खोलीत बसून करणार, तेव्हा ती खोलीच त्या परदेशी कंपनीचं भारतातलं ठाणं आहे असं आयकर खातं म्हणू शकतं, आणि मग त्या नफ्यावर परदेशी कंपनीचा दर लागतो, ३५ टक्के, वर सेस. टॅक्स वाचवायला गेलात आणि भारतातला सगळ्यात चढा कंपनी दर गळ्यात. कागदपत्रं वेगळीच, परदेशी कंपनीचे शेअर घेतले की बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेचा फॉर्म, दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीचा रिपोर्ट, आणि आपल्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता. तो तक्ता भरायचा राहिला तर काळा पैसा कायद्यात १० लाखांचा दंड आहे. मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर (घर-जमीन सोडून) २०२४ च्या ऑक्टोबरपासून सूट आहे, पण हे ओझं मुळात घ्यायचंच कशाला.

कारण इथला हिशोब बघा. तुमच्यासारख्या प्रोफेशनलला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, आलेल्या रकमेची किमान निम्मी उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाची बिलं कोणी मागत नाही. मर्यादा ५० लाख, जवळजवळ सगळं बँकेतून येत असेल तर ७५. (कलमांचे नंबर मुद्दाम देत नाही, नव्या कायद्यात ते बदललेत.) २२ लाखांचे निम्मे ११ लाख, आणि नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत रिबेट आहे, म्हणजे टॅक्स शून्य. कोथरूडमध्ये बसून, नोकरी किंवा शेअरबाजाराचं दुसरं उत्पन्न नसेल तर. फक्त २० लाख ओलांडल्यामुळे जीएसटी नंबर घ्यावा लागेल, पण परदेशी क्लायंटला दिलेली सेवा म्हणजे एक्सपोर्ट, दरवर्षी एलयूटी (टॅक्स न भरता एक्सपोर्ट करण्याचं हमीपत्र) भरलं की बिलावर जीएसटी लावायचा नाही. आलेल्या प्रत्येक पेमेंटचं बँकेकडून सर्टिफिकेट मात्र घेऊन ठेवा. रिटर्नचा कंटाळा येईल हे मान्य, पण दोन देशांचे रिटर्न भरण्यापेक्षा बराच कमी येईल.

उद्या तुम्ही खरंच एस्टोनियात तालिनला किंवा शारजाला राहायला गेलात तर पुन्हा लिहा, तेव्हा उत्तर वेगळं असेल.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): मिस्टरांच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेय. दिवाळीत घरी केलेली चकली आणि चिवडा मंडळातल्या लोकांना इतका आवडला की आता ऑर्डर येतात. लायसन्सला किती खर्च येईल? व्हॅट भरावा लागेल का?

उत्तर: ताई, लायसन्सचा खर्च शून्य. आधी व्हिसाच्या अटी एकदा वाचा, डिपेंडंटला साधारणपणे स्वतःचा धंदा चालतो, स्टुडंट व्हिसावाल्याला चालत नाही, म्हणजे मंडळातल्या कुणा स्टुडंट मुलीला पार्टनर घेऊ नका. मग धंदा सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी तुमच्या काउन्सिलकडे फूड बिझनेस म्हणून नोंद करायची, फुकट असते आणि ते नाकारू शकत नाहीत. नंतर कधीतरी इन्स्पेक्टर घरचं किचन बघायला येतो आणि ० ते ५ मधला आकडा देऊन जातो. कंपनी काढू नका, सोल ट्रेडर (एकट्याच्या नावावरचा धंदा) पुरे. वर्षाची विक्री १,००० पौंडांच्या आत असेपर्यंत टॅक्स खात्याला कळवायचीही गरज नसते.

तुमचा वेळ जाणार आहे तो लेबलात. तिथे १४ ॲलर्जन (ॲलर्जी आणणारे घटक) ठरलेत आणि ते घटकांच्या यादीत ठळक छापावे लागतात. आता तुमचा चिवडाच घ्या. शेंगदाणे आहेत, ते एक. काजू, दोन. वरून तीळ, तीन. फोडणीत मोहरी, हो मोहरीसुद्धा त्या चौदांत आहे. आणि हिंग. हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचा, बहुतेक डब्यांत गव्हाचं पीठ असतं, म्हणजे पाचवं ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन), आणि तुम्ही मात्र 'पोह्यांचाच तर आहे, ग्लुटेन-फ्री' म्हणून मोकळ्या. सीलिअ‍ॅक (ग्लुटेन न सोसणारा आजार) असलेल्या माणसाला ते महागात पडेल. याला बाऊ समजू नका, २०१६ मध्ये विमानतळावर घेतलेल्या बॅगेटमधल्या तिळाने एक मुलगी गेली, लेबलवर तीळ नव्हते, त्यावरून ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्याच नावाने ओळखला जाणारा नताशाचा कायदा आला.

व्हॅट ९०,००० पौंडांच्या उलाढालीपर्यंत नाही, इतक्या चकल्या तळायच्या तर तुम्हाला माणसं ठेवावी लागतील. पण मोठं व्हायचं डोक्यात असेल तर तिकडची गंमत आत्ताच माहीत असू दे. खाण्याच्या बहुतेक वस्तूंवर शून्य व्हॅट, पण बटाट्याचे वेफर्स आणि त्यासारखं काही असलं की २० टक्के, खारे किंवा भाजलेले दाणे सोलून विकले तरी २०, केकवर शून्य आणि हाताने उचलून खायच्या गोड पदार्थावर पुन्हा २०. २०२४ मध्ये वॉकर्स कंपनी तिच्या छोट्या पापडांवरून ट्रायब्युनलमध्ये गेली, म्हणणं असं की हे पापड आहेत, वेफर्स नव्हेत, आणि हरली, कारण त्यात बटाटा होता आणि खायचे वेफर्ससारखेच. तेव्हा पोह्यांचा चिवडा आणि बटाट्याचा चिवडा यांचा हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. शून्य व्हॅटची विक्रीसुद्धा त्या ९०,००० मध्ये मोजली जाते, इथे बरेच जण फसतात.

प्रश्न (सांगली): धंदा सुलभतेत भारत जगात ६३ वा आला म्हणे. मग मला फरसाणच्या दुकानासाठी एवढे हेलपाटे का?

उत्तर: कारण ती यादी सांगलीची नव्हतीच. जागतिक बँक दिल्ली आणि मुंबईत लिमिटेड कंपनी काढायला किती पायऱ्या, किती दिवस हे मोजायची. आपण १४२ वरून ६३ वर आलो २०१९ मध्ये, आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये बँकेने ती यादीच बंद केली, चीन, सौदी वगैरे देशांचे आकडे फिरवल्याचं बाहेर आलं म्हणून. मूळ कल्पना चांगली होती. पेरूत हर्नांडो द सोतो या अर्थतज्ज्ञाच्या माणसांनी १९८३ मध्ये लिमाजवळ लहानसं शिवणकामाचं वर्कशॉप कायद्याने नोंदवून बघितलं, २८९ दिवस गेले. रांगेतला माणूस असा मोजायचा असतो.

तुमच्यापुरतं सांगतो. कंपनी नको, प्रोप्रायटरशिप करा. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा खात्याची) छोटी नोंदणी वर्षाला १०० रुपये. गुमास्ता ऑनलाइन. उद्यम नोंदणी फुकट, कोणी पैसे मागितले तर ते एजंटचे, सरकारचे नाहीत. प्रोफेशनल टॅक्स वर्षाला जास्तीत जास्त २,५००, ही मर्यादा घटनेतच आहे. राज्यातल्या राज्यात विकलं तर ४० लाखांपर्यंत जीएसटी नाही, पण बेळगावचं गिऱ्हाईक धरून माल पाठवलात की पहिल्या रुपयापासून नंबर हवा, सांगलीकरांनी हे नीट ऐकावं. पॅकबंद नमकीनवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय.

प्रश्न (नाशिक): माझं बरीच वर्षं ब्युटी पार्लर आहे. आता मिस्टरांची नोकरी म्युनिकला, तिथे पार्लर टाकेन म्हणते. लायसन्स लगेच मिळेल ना?

उत्तर: थ्रेडिंग, फेशियल, वॅक्सिंग करायचं तर हो. केसाला कात्री लावायची तर नाही. जर्मनीत केशकर्तन हा मास्टर परीक्षेचा धंदा आहे, 'माइस्टर' असल्याशिवाय सलून काढता येत नाही, तुमचा नाशिकचा अनुभव कितीही असो. वाट दोन, एकतर माइस्टर असलेला माणूस पगारावर ठेवायचा, नाहीतर आपल्या सर्टिफिकेटची मान्यता मागत बसायचं. ब्युटीच्या कामाला परीक्षा नाही, व्यवसाय कार्यालयात आणि कारागीर चेंबरमध्ये नोंद केली की झालं. लेझर मशीन घेणार असाल तर त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं, म्हणून मशीन आधी विकत घेऊ नका.

मागच्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोच्या आत असेल तर व्हॅट लावायचा नाही, आणि एकट्या मालकाला २४,५०० युरो नफ्यापर्यंत तिथला व्यवसाय करही (धंद्याच्या नफ्यावर गाव घेतं तो) नाही. हा कर गावागणिक बदलतो, म्युनिकचा गुणांक (जितका मोठा तितका कर जास्त) ४९० आणि शेजारच्या ग्र्युनवाल्डचा २४०, म्हणून त्या टीचभर गावात हजारो कंपन्यांचे पत्ते आहेत. तुमच्याकडे बाया चालत यायला हव्यात, तेव्हा तो मोह सोडा आणि यू-बान (मेट्रो) स्टेशनजवळचं भाडं आधी विचारा.