रडता रडता श्वास धरणारं बाळ

‘रडायला लागला की श्वासच धरतो हो, ओठ काळेनिळे पडतात. आता आम्ही त्याला रडूच देत नाही.’ वीस महिन्यांच्या मुलाची आई हे सांगत होती, तेवढ्यात त्याने टेबलावरच्या किल्ल्यांकडे हात केला. नुसतं ‘अं’ म्हणाला, तर आजींनी किल्ल्या हातात ठेवल्यासुद्धा. मग चष्मा, मग मोबाइल. वीस मिनिटांत त्याला ‘नाही’ हा शब्द एकदाही ऐकू आला नाही.

वडिलांनी फोनवर एक व्हिडिओ काढला होता, त्याने अर्धं काम केलं. बिस्किटाचा पुडा काढून घेतला, मूल जोरात रडलं, श्वास बाहेर सोडला आणि तिथेच अडकलं. तोंड उघडं, आवाज नाही. ओठ निळे, अंग ताठ, मग एकदम सैल. अर्ध्या मिनिटात श्वास आपोआप सुरू. आधी रडणं, मग निळं पडणं, हा क्रम महत्त्वाचा. फिटमध्ये असं रडणं आधी नसतं. शंभरातल्या साधारण पाच मुलांना हा त्रास होतो. बहुतेकदा तो सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि पाच-सहा वर्षांपर्यंत जातो. मेंदूला त्याने इजा होत नाही.

‘मुद्दाम करतो, नाटकी आहे,’ हे घरातलं दुसरं मत. श्वास अडकणं मुलाच्या हातात नसतं, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पण त्यानंतर हवी ती वस्तू मिळते, हे मात्र ते चटकन शिकतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घर एकतर मुलाला रागावतं, नाहीतर त्याच्यापुढे नमतं घेतं.

बालरोगतज्ज्ञांकडच्या तपासणीत हिमोग्लोबिन 8.6 निघालं. आश्चर्य नव्हतं, दिवसाला जवळजवळ लिटरभर दूध बाटलीने चालू होतं, मग जेवणाला भूक कुठून? लोह कमी असलं की असे झटके वाढतात. दूध 400 ते 500 मिलिलिटरवर आणलं, तेही वाटीने. लोहाचं औषध डॉक्टरांनी वजनावरून ठरवलं. ते दुधासोबत द्यायचं नाही, लिंबूपाण्यासोबत चालतं. शी काळी होते, घाबरू नये.

झटका आल्यावर काय करायचं, हे आजींना कागदावर लिहून दिलं. जमिनीवर कुशीवर झोपवा आणि घड्याळाकडे बघा. हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, तोंडात बोट घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्याचा उपयोग शून्य. श्वास आला की जवळ घ्या, पण नाकारलेली वस्तू द्यायची नाही. नियम सुरुवातीला तीनच ठेवले: गॅस, किल्ल्या, मोबाइल. रडण्याआधी लक्ष दुसरीकडे वळवणं चांगलंच. एकदा नाही म्हटल्यावर देणं मात्र चूक.

पहिल्या आठवड्यात रडणं वाढलं. हे होतंच, कारण मूल जुनी युक्ती जास्त जोराने करून बघतं. नेमकं चौथ्या दिवशी वडिलांनी कामावरून आल्या आल्या मोबाइल दिला, आणि पुढचे दोन दिवस जास्त अवघड गेले. सगळ्यांचं एकच उत्तर हवं, ते याचसाठी.

काही वेळा मात्र वाट पाहू नये. बाळ सहा महिन्यांहून लहान असेल, श्वास मिनिटाहून जास्त अडकत असेल, झोपेत किंवा न रडता झटका येत असेल, धावताना कोसळत असेल, दचकून किंवा दुखून पांढरंफटक पडत असेल, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. हृदयाचा ईसीजी काढावा लागतो.

दीड महिन्याने हिमोग्लोबिन 10.4 होतं, आठवड्याला चार-पाच येणारे झटके पंधरवड्यात एकावर आले होते. खोलीत शिरल्या शिरल्या त्याने पुन्हा किल्ल्या मागितल्या. आजींनी त्या पर्समध्ये टाकून चेन लावली. तो रडला, लाल झाला, क्षणभर थांबला आणि पुन्हा रडला. आजींची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. ‘निळा नाही झाला,’ त्या पुटपुटल्या, आणि पर्स मांडीखाली सरकवली.