शेल्सीचं ते एका सुराचं भीतीदायक म्युझिक खरंच त्याचं होतं का?

तुम्ही विचारलंय की जाचिंतो शेल्सी नावाच्या इटालियन माणसाचं एकाच सुरावरचं म्युझिक रात्री ऐकलं, अंगावर काटा आला, आणि नंतर कळलं की ते म्हणे त्यानं लिहिलंच नव्हतं, तर हे खरं का आणि बाकीच्यांना ऐकून काय होतं.

मी सांगलीचा, मेडिकलचं दुकान आहे, संगीताचं शिक्षण म्हणाल तर लहानपणी चार वर्षं तबला आणि तोही सुटला. पंडिताचं उत्तर पाहिजे असेल तर सरळ खाली स्क्रोल करा.

आधी घरचं सांगतो. तुम्ही ऐकलंत ते १९५९ चं ‘क्वात्रो पेत्सी’ असणार, चार तुकडे, एकेक तुकडा एकेका सुरावर, पाश्चात्य नावांनी सांगायचं तर एफ, बी, ए फ्लॅट आणि ए. म्हणजे एवढा ऑर्केस्ट्रा बसलाय आणि चाल अशी नाहीच. मी हॉलमध्ये स्पीकरवर लावलं तर आई आतनं ओरडली, "अरे मोटर बंद कर की, टाकी भरली असंल." म्हणलं आई, गाणं आहे हे. ती बाहेर येऊन दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणली, "कोण मेलंय का ह्यात?" बायकोला २०१९ च्या पुराची रात्र आठवली, लाइट नाही, खाली रस्त्यावर पाणी आणि लांबनं कुठूनतरी येणारा बोटीच्या इंजिनाचा आवाज, ती बंद कर म्हणली आणि मी लगेच केलं. पोरगा म्हणला हॉरर पिक्चरचं बॅकग्राउंड वाटतंय, आणि त्याचं काय चुकलं नाही, ‘शटर आयलंड’मध्ये शेल्सीच्या ‘वाशाक्तुम’चा तुकडा वापरलाच आहे.

मग एकदा कामानिमित्त मिरजेला गेलतो, तिथं एक तंबोरे बनवणारे ओळखीचे आहेत, त्यांना मोबाइलवर ऐकवलं. डोळे मिटून पहिला तुकडा पुरता ऐकला आणि इयरफोन काढून म्हणाले, "ह्यात भ्यायचं काय? जवारी लावताना आम्ही दिवसभर हेच ऐकतो की." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून घासून अगदी हलका उतार काढतात, मग तारेखाली दोरा सरकवत सरकवत एक जागा अशी सापडते की सूर उघडतो आणि एकाच तारेतनं वरचे बरेच सूर ऐकू यायला लागतात. शेल्सी हेच वेगळ्या रस्त्यानं करतो, सूर तोच पण कधी पाव सुरानं वर, कधी खाली, कधी वरच्या-खालच्या सप्तकात, कधी कंप मोठा, कधी ब्रासला म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांना आवाज दाबणारं म्यूट लावलेलं. आपला कान चाल शोधत बसतो, ती काय सापडत नाही, आणि सूर तर आतल्या आत जिवंत असल्यासारखा हलत राहतो. माझ्या मते भीती तिथनं येते. मिरजेच्या माणसाला आली नाही कारण त्याचा कान चाल शोधतच नव्हता.

आता भांडणाचं. शेल्सी १९०५ चा, खानदानी सरदार घराण्यातला, पैशाला कमी नाही. स्वतःचा फोटो काढू द्यायचा नाही, त्याऐवजी एक गोल आणि खाली आडवी रेघ असं चिन्ह द्यायचा. स्वतःला कंपोझर म्हणवून घ्यायचं नाही, मी नुसता पोस्टमन, वरनं आलेलं पोचवतो असं त्याचं म्हणणं. मनानं खचून दवाखान्यात होता तेव्हा पियानोची एकच पट्टी तासन् तास वाजवत बसायचो असंही सांगायचा. पुढं तो ओंदिओला नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर वाजवायचा, त्याला सूर वरखाली सरकवायची सोय होती, आणि ते टेपवर रेकॉर्ड करायचा. टेप ऐकून नोटेशन दुसरेच लिहायचे, पैसे घेऊन. त्यातला मुख्य माणूस व्हिएरी तोसात्ती, हा स्वतः कंपोझर, ह्यानं चक्क बॉक्सिंगच्या मॅचवर ऑपेरा लिहिलाय. शेल्सी १९८८ ला गेला आणि १९८९ मध्ये तोसात्तीनं पेपरात सांगून टाकलं की शेल्सी म्हणजे मीच. इटलीत लय गदारोळ झाला.

मला पहिल्यांदा वाटलं यात काय एवढं, भातखंड्यांनी उस्तादांच्या बंदिशी लिहून काढल्या म्हणून त्या भातखंड्यांच्या झाल्या का. पण नंतर पटलं की हे उदाहरण बसत नाही, कारण बंदिश लिहिताना ती कुठल्या व्हायोलिननं आणि कुठल्या हॉर्ननं म्हणायची हे ठरवावं लागत नाही. हिंदी सिनेमाचं उदाहरण जास्त जवळचं आहे. शंकर-जयकिशनची चाल, पण ती एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्रात कशी वाजणार हे सेबॅस्टियन डिसूझा कागदावर मांडायचे. चाल त्यांची नव्हती, पण ते काम काढून घ्या आणि बघा काय उरतं ते.

तरी मी शेल्सीच्याच बाजूला आहे, नव्वद टक्के म्हणा. टेप शिल्लक आहेत, रोमला त्याच्या बहिणीच्या नावाच्या फाउंडेशननं सांभाळल्यात, सूर आतनं फोडायचा नाद त्यात त्याचाच आहे. आणि तोसात्तीला ह्या म्युझिकचं स्वतःला काही कौतुक नव्हतं. ज्याला आवडतच नाही त्यानं एवढी वर्षं ते मनानं रचलं, हे मला तरी पटत नाही. पण तोसात्तीचं नाव कव्हरवर पाहिजे होतं, तेवढं शेल्सीनं हयातीत केलं असतं तर बिघडलं नसतं, पोस्टमन म्हणवून घ्यायचं आणि पाकिटावर पत्ता लिहिणाऱ्याचं नाव लपवायचं हे काय बरोबर नाही.

परत ऐकणार असाल तर रात्री नको, दुपारी ऐका, आणि त्याचं १९६४ चं चौथं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीचं म्युझिक, लावा. त्यात प्रत्येक वाद्याच्या प्रत्येक तारेला कागदावर वेगळी ओळ दिली आहे, चार वाद्यांच्या सोळा ओळी. इयरफोन चांगला घ्या, मोबाइलच्या स्पीकरवर ते खरंच मोटरीसारखं ऐकू येतं.