रिम ब्रेकची ट्राय बाइक एवढ्यात विकू नका

तुमची अडचण थोडक्यात अशी: २०१५ची रिम ब्रेकवाली (पॅड चाकाच्या कडेला दाबणारे ब्रेक) ट्राय बाइक, म्हणजे ट्रायथलॉनची सायकल आहे, फिट (सीट-हँडलची मापं) अंगाला छान बसलाय, पुढचं लक्ष्य गोव्याची ७०.३ (अर्ध्या आयर्नमन अंतराची ट्रायथलॉन), आणि सोबतचे सगळे म्हणताहेत की आता डिस्क ब्रेकशिवाय (चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला दाबणारे) अर्थ नाही. मी दोन्ही प्रकार बरीच वर्षं चालवलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

गोव्यासाठी बाइक बदलू नका. तिथल्या सायकलच्या ९० किलोमीटरमध्ये लांबलचक घाटउतार नाही. ब्रेक खरे लागतात ते यू-टर्नला, एड स्टेशनजवळ (पाणी-खाणं मिळतं तिथे) आणि डिसमाउंट लाइनच्या, म्हणजे सायकलवरून उतरायच्या रेषेच्या, आधी. त्यासाठी नीट लावलेले रिम ब्रेक आणि चांगले पॅड पुरेसे आहेत. डिस्कची बाइक साधारण अर्धा किलो जड असते. सपाटीवर त्या वजनाने काही बिघडत नाही, पण नुसत्या डिस्कमुळे तुमची वेळही कमी होणार नाही. वेळ कमी होते ती फिटमुळे, आणि तो तुमच्याकडे आहे. नव्या फ्रेमवर तोच फिट पुन्हा जुळवायला कधी कधी अख्खा सीझन जातो.

मग सगळ्या कंपन्या तिकडे का वळल्या? ऑक्टोबर २०१६मध्ये कोनाला (हवाईतली आयर्नमन जागतिक स्पर्धा) सर्व्हेलोची पी५एक्स आणि डायमंडबॅकची अँडियन आली, दोन्ही डिस्क ब्रेकच्या. रोड रेसिंगमध्ये यूसीआयची (सायकलिंगची जागतिक संघटना) डिस्क ब्रेकची चाचणी मधे थांबली होती, पूर्ण परवानगी १ जुलै २०१८ला मिळाली. नॉन-ड्राफ्टिंग ट्रायथलॉनला (जिथे दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवता येत नाही) यूसीआयचे फ्रेमचे नियम लागू नसल्याने आपल्याकडे हा बदल कुणाची वाट न बघता सुरू झाला. आज पी५, स्पीडमॅक्स, स्पीड कॉन्सेप्ट या ट्राय बाइकच्या नव्या फ्रेमवर रिम ब्रेक बसवायला जागाच नसते.

ब्रेकच्या ताकदीपेक्षा मला दोन कारणं मोठी वाटतात. पहिलं टायरचं. रिम ब्रेकच्या कॅलिपरमध्ये रुंदीला मर्यादा येते. डिस्कमध्ये ती अडचण नाही, म्हणून २८ मिलिमीटरचे टायर आणि रुंद रिम सहज बसतात, आणि आपल्या रस्त्यांवर तो फरक दोन तासांनी पाठीला कळतो. दुसरं कारण केबलचं. ट्राय बाइकमध्ये ब्रेकची केबल बेस बारमधून (खालचं हँडल), स्टेममधून (हँडल फ्रेमला जोडणारा भाग) इतकी वळणं घेत जाते की लिव्हर जड होतो. डिस्क ब्रेकच्या हायड्रॉलिक (तेलाच्या) नळीला त्या वळणांचा त्रास नाही.

आता घाटाचं बोलू, कारण इथे मी ठाम आहे. एकदा पावसात पसरणी घाट उतरताना माझ्या कार्बन रिमवर ब्रेक दाबला आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग पॅडनं पाणी पुसलं आणि ब्रेक एकदम पकडला. पडलो नाही, पण त्या दिवसापासून पावसाळ्यात घाटात कार्बन रिम न्यायची नाही, हे ठरलं. कोरड्यातही सतत ब्रेक धरून उतरलात तर कार्बन रिम तापते, कार्बनला धरून ठेवणारं रेझिन मऊ पडू शकतं. सिंहगडासारख्या उतारावर ब्रेक दाबून धरू नका. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पॅड कार्बनचेच वापरा. अ‍ॅल्युमिनियम रिमवर वापरलेले पॅड कार्बनवर लावू नका, त्यात रुतलेला धातूचा कीस रिम खरवडतो. रिम ब्रेकच्या कार्बन चाकात लॅटेक्स ट्यूबही नकोत. काही हलक्या टीपीयू (प्लास्टिकच्या) ट्यूब तर कंपन्या फक्त डिस्क ब्रेकसाठीच देतात, पाकिटावर बघून घ्या.

फ्रान्समधल्या नीससारखी डोंगराळ रेस डोक्यात असेल तर मात्र माझं उत्तर बदलेल. तिथे सुमारे २४०० मीटर चढ आहे आणि तेवढंच खाली यायचं आहे. तिथे मी डिस्कच नेईन.

डिस्कचा त्रासही ऐकून ठेवा. विमानाने नेताना रोटर (ब्रेकची चकती) काढा आणि पॅडमध्ये स्पेसर (फट राखणारा तुकडा) घाला. माझ्या एका मित्राच्या पेटीत प्रवासात लिव्हर दाबला गेला आणि रेसच्या आदल्या रात्री पॅड एकमेकांना चिकटलेले मिळाले. प्लास्टिकच्या टायर लिव्हरनं हळूहळू पिस्टन मागे सारले तेव्हा चाक बसलं. चेनचं तेल स्प्रेनं मारताना थेंब रोटरवर गेला की ब्रेक किंचाळतो आणि पकडतही नाही. शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या रोड ब्रेकला डॉट फ्लुइड, यांची अदलाबदल चालत नाही. तुमच्या गावात ब्लीड करणारा (ब्रेकच्या तेलातली हवा काढणारा) मेकॅनिक आहे का, हे आधी विचारा.

जुन्या फ्रेमवर डिस्क बसवून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. फ्रेममध्ये कॅलिपरची जागा नाही, मागचा हब १३० मिलिमीटरचा आहे, डिस्कचा १४२चा. म्हणूनच नवी महागडी रिम ब्रेकची चाकं घेण्यात आता पैसे घालू नका, पुढच्या बाइकला ती बसणार नाहीत. सेकंड हँड चाकं स्वस्तात मिळताहेत. एक चांगली जोडी रेसला ठेवा आणि सरावाला अ‍ॅल्युमिनियमची वापरा. सरावाच्या रिमवर झीज दाखवणारी छोटी खाच किंवा टिंब असतं. या रविवारी ते शोधा. दिसेनासं झालं असेल तर ती रिम आधी बदला.