नस, शीर आणि नारू

दारव्ह्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे : "पोराच्या दहावीच्या पुस्तकात चेतातंतू लिहिलंय, आमच्या वेळी मज्जातंतू होतं, गावात सगळे नस म्हणतात. बरोबर कोणतं?"

पहिले दोन एकच : मेंदूचे निरोप अंगभर नेणारे धागे, इंग्रजीत नर्व्ह. मज्जा म्हणजे हाडातला मगज, त्याचा इथे काही संबंध नाही, म्हणून चेतातंतू बरा. मेंदूतून त्यांच्या 12 जोड्या निघतात, पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूतून 31. झालं.

डोकं फिरतं ते 'नस'पाशी. सलाईन लावताना "नस सापडून नाही राहिली" म्हणतात, ती असते रक्ताची शीर. रात्री पोटरीत गोळा आला की "नस चढली", तो असतो आखडलेला स्नायू. कमरेतून टाचेपर्यंत कळ गेली की "नस दबली". इथे मात्र खरोखर चेतातंतू! एकाच शब्दाला तीन-तीन पाळ्या. त्यावर शुद्धवाले म्हणतात, नस हिंदीतून घुसली, शीरच म्हणा. कशाला? संस्कृत कोशांत 'स्नसा' आहे, अर्थ कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी), स्नायू. शब्द आपल्याच घरचा आहे, कामं तेवढी भलती करतो.

स्नायूची गंमत तर वेगळीच. सुश्रुताचे 900 स्नायू म्हणजे मांस नव्हे, सांधे बांधणारे दोर. नावेच्या फळ्या दोरांनी बांधल्या की ती भार सोसते, तसं शरीर, असं तो सांगतो. आपण त्याच शब्दाने मसल म्हणतो, बंगाली माणूस नर्व्ह म्हणतो. आणि ग्रीक 'न्यूरॉन' हा याचाच भाऊ. त्याचाही मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी. आपल्याकडे पिंजाऱ्याच्या धनुकलीला तात असायची ना, तसलीच.

आता खरी गोष्ट. माझ्या आजोबांच्या घोट्यावर रुपयाएवढा व्रण होता. विहिरीत उतरून पाणी पिण्याच्या काळातला नारू, म्हणजे पाण्यातून अंगात शिरणारा दोऱ्यासारखा जंत. पांढरा दोरा बाहेर डोकावला की काडीवर गुंडाळायचा, रोज बोटभर ओढायचा. घाई केली, तुटला, की पाय सुजून भोपळा. हा नारू म्हणजे स्नायूच! स्नानाचं न्हाण झालं तसं स्नायूचं पालीत 'न्हारु' झालं, पुढे नारू. जुन्या वैद्यकग्रंथांत या रोगाला 'स्नायुक' म्हणतात, मग आणखी पुरावा कशाला? एक निवृत्त गुरुजी मला दरवेळी 'नाळेवरून नारू' ऐकवतात. गुरुजी, नाळेतला 'न्ह' दाखवा, मग बोलू.

'यु'चा 'रु' कसा झाला, हा प्रश्न रास्त आहे. माझा तर्क असा की हा 'र' नंतर चिकटलेला नाही, मुळातलाच आहे. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, 'स्नावर' आहे, न्यूरॉनमध्येही 'र' आहे. संस्कृताने तो गाळला, बोलीने सांभाळला. काही जुन्या वळणाच्या पंडितांना हे पचत नाही, कारण बोली संस्कृतापेक्षा जुनं काही राखू शकते हेच त्यांना मान्य नसतं.

नारूचा देशातला शेवटचा रोगी 1996 सालचा, आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. रोग गेला ते बरंच झालं. पण आता शब्दही चालला. पोरांना नारू विचारला तर नारळ सांगतात.

हां, ताईंचा प्रश्न राहिलाच. पोराला पेपरात चेतातंतूच लिहू द्या. घरी नस म्हणाला तर टोकू नका, फक्त कोणती नस ते विचारा.