तुम्ही विचारलंत: सोळा वर्षांच्या धावपटू मुलीला व्हे, क्रिएटिन आणि प्री-वर्कआउट या पूरक पावडरी सुरू कराव्यात का? तिचे प्रशिक्षक सर सांगतात, महिन्याला सात हजार खर्च येईल.

आधी मीच तुम्हाला विचारते. लेकीचं हिमोग्लोबिन किती आहे? फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, कधी केलंय का? केलं नसेल तर त्या सात हजारांतले हजारभर रुपये आधी तिथे घाला. डब्यांचं नंतर बघू.

रागात लिहितेय असं वाटेल. राग आहेच, पण तो तुमच्यावर नाही.

मी सिन्नर तालुक्यातली. १५०० आणि ५००० मीटर पळायचे. २०११ च्या दिवाळीच्या सुमारास आमच्या सरांनी एक डबा आणला. चार हजार दोनशे रुपये. "बाहेरचा माल आहे, कॅम्पमधल्या पोरी हाच घेतात." दादा तेव्हा माळेगाव एमआयडीसीत साडेसात हजारांवर होता. त्याने एका शब्दाने विचारलं नाही, पैसे काढून दिले. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात हे विसरलं जाऊ नये.

ते वर्ष आठवा. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४x४०० रिलेचं सुवर्ण आणलेल्या चौघींपैकी तिघी २०११ च्या उन्हाळ्यात डोपिंगमध्ये सापडल्या होत्या. त्यांचं म्हणणं, प्रशिक्षकांनी चीनहून आणलेल्या जिनसेंगमधून ते पोटात गेलं. आपल्याकडच्या समितीने ते बरंचसं मानून एक वर्षाची बंदी घातली, पुढे स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. त्या पोरींचे फोटो माझ्या वहीत चिकटवलेले होते. त्यामुळे डबा हातात आल्यावर मी पहिल्यांदा त्याचं लेबल वाचलं. बॅच नंबर नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही, घटकांच्या जागी 'विशेष मिश्रण'. सरांना विचारलं, यात नेमकं काय आहे? म्हणाले, "तू पळायचं बघ, बाकीचं मी बघतो."

मी डबा प्यायले नाही. पण दादाला सांगायची हिंमतही झाली नाही. आईला सांगितलं. चार हजारांची वस्तू उकिरड्यावर टाकायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून ती रोज चमचाभर पावडर म्हशीच्या आंबोणात कालवत राहिली. म्हशीची चाचणी घ्यायला कोणी आलं नाही, दूधही वाढलं नाही.

त्या हंगामात राज्य स्पर्धेत मी १५०० ला चौथी आले, ४ मिनिटं ४१ सेकंद. दुसरी आली ती आमच्याच ग्रुपमधली, सरांच्याच डब्यावरची. तिची चाचणी झाली नाही, कुणाचीच झाली नाही. तिने काही गैर केलं असं मी म्हणत नाही. डब्यात काय होतं ते तिलाही माहीत नव्हतं. नुसती दुधाची भुकटी आणि साखरही असेल. पण महिनाभराने दादाला गव्हाच्या कोठीमागे तो अर्धा डबा सापडला. तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळून झालं की तो एकदा तरी म्हणतोच, "डबा प्यायली असतीस तर नॅशनल खेळली असतीस."

आता जे कोणालाच दिसलं नाही ते. त्या शर्यतीत शेवटच्या फेरीला पाय ओल्या पोत्यासारखे झाले होते. ते तसे वर्षभर होत होते. सर म्हणायचे, मन कच्चं आहे. गावातल्या खाजगी डॉक्टरांनी दोनदा सलाईन लावलं, अशक्तपणा म्हणून. (इथे थांबा आणि हे नीट वाचा. १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त सलाईन स्पर्धक खेळाडूला चालत नाही, मग बाटलीत नुसतं मिठाचं पाणी का असेना. सूट आहे ती रुग्णालयातल्या खऱ्या उपचारांना. आपल्याकडे अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे चहा पाजल्यासारखी लावतात. लेकीला कुठेही नेलंत तर आधी सांगा, ही स्पर्धेत पळते.)

शेवटी ग्रामीण रुग्णालयातल्या मॅडमनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "ही पळते कशी?" हिमोग्लोबिन ९.४. बाहेरच्या लॅबमध्ये फेरिटिन केलं, ते ७. म्हणजे लोहाची कोठी खरवडून रिकामी झालेली. पाळी, घाम, आठवड्याला ऐंशी-नव्वद किलोमीटर पाय आपटल्याने फुटणाऱ्या रक्तपेशी, माळकरी घरातलं जेवण आणि त्यावर लगेच कोरा चहा. एवढं पुरतं. शिवाय जोराच्या सरावानंतर काही तास हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि आतडं लोह कमी घेतं. मला मिळाल्या आशाताईंकडच्या लाल गोळ्या. फुकट. लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहा दोन तास लांब. पोट धरलं, शौचाला काळं व्हायचं, तोंडाला गंजाची चव यायची. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.३ आणि त्याच ट्रॅकवर ४ मिनिटं ३० सेकंद. अकरा सेकंद! इतके दिवस ते सेकंद माझ्या रक्तात नव्हते, आणि सर ते माझ्या मनात शोधत होते.

म्हणून चिडते मी. डबा आणायला सगळ्यांकडे पैसे होते, रक्त तपासायचं कुणाला सुचलं नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येते. व्हे म्हणजे दुधातलंच प्रथिन, त्यात जादू नाही आणि विषही नाही. पळणाऱ्या मुलीला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिन लागतं. पन्नास किलोची असेल तर ६० ते १००. दूध, अंडी, मटकी, शेंगदाणे, पनीर यांतून ते होतं. हॉस्टेलच्या जेवणावर असेल तर होत नाही, तेव्हा पावडरीचा उपयोग आहे. क्रिएटिन हा सगळ्यात जास्त तपासलेला डबा, मोठ्यांना सुरक्षितच म्हणायचा. पण तो मुख्यतः ताकदीच्या आणि छोट्या स्फोटक खेळांचा. पाणी धरून किलोभर वजन वाढतं, ते शर्यतभर स्वतःच वाहायचं. सोळाव्या वर्षी मी देणार नाही.

प्री-वर्कआउटला, म्हणजे सरावाआधी तरतरी यावी म्हणून घ्यायच्या पावडरीला, मात्र हातही लावू देऊ नका. यात काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नाही. २०१० ला दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपले कुस्तीगीर आणि जलतरणपटू मिथाइलहेक्झानअमीनसाठी सापडले, आणि ते उत्तेजक असल्याच डब्यांतून फिरायचं. कोलोनच्या प्रयोगशाळेने तेरा देशांतून ६३४ पूरकं विकत घेऊन तपासली होती, त्यांतल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टिरॉइडची पूर्वद्रव्यं (शरीरात गेल्यावर ज्यांचं स्टिरॉइड बनतं ती) निघाली. अहवाल २००४ चा, जुना आहे. बाजार तेव्हापासून सुधारला म्हणता येईल इतका विश्वास माझा नाही. आणि लघवीत सापडलं की जबाबदारी खेळाडूची. सरांनी दिलं, दुकानदाराने फसवलं, यावर फार तर शिक्षा कमी होते. पृथ्वी शॉला २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटालिनवरून आठ महिन्यांची बंदी लागली, मागच्या तारखेपासून धरलेली. त्याच्यामागे वकील, डॉक्टर, बोर्ड सगळं होतं. आपल्या पोरींमागे एमआयडीसीतला दादा असतो.

गंमत म्हणजे मधल्या अंतरांसाठी खरा पुरावा आहे अशा मोजक्या गोष्टींत आपला खायचा सोडा येतो. किलोमागे ०.३ ग्रॅम. मी एकदा करून बघितलंय. वॉर्म-अपच्या आधी संडास, वॉर्म-अपनंतर संडास, शर्यत चुकली. पुरावा आहे हो, पण पोट आपलं आहे.

घ्यायचंच ठरलं तर बॅच तपासून प्रमाणित केलेला डबा घ्या, 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखा. त्यानेही धोका कमी होतो, संपत नाही. एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर म्हणजे तो माल परवानाधारकाचा आहे एवढंच, डोपमुक्त असल्याची पावती नव्हे. बिल ठेवा, बॅच नंबरचा फोटो ठेवा, तळाशी दोन चमचे पावडर ठेवा. चाचणी झालीच तर फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेलं सगळं लिहा, च्यवनप्राशसुद्धा.

एक राहिलं. माझं वाचून परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनर किंवा सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषांमध्येही हिमोग्लोबिन कमी दिसतं, आणि लोह कमी नसताना घेतलं तर ते साचतं. मी डॉक्टर नाही. आता रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड गोळी जास्त मुरते असंही दिसून आलंय, आम्ही तर रोज गिळायचो. तेव्हा आधी तपासणी, मग गोळी, तीही डॉक्टर सांगतील तशी.

गेल्या भाऊबीजेला दादाला मी कागदावर हिशोब मांडून दिला. डबा ४२०० रुपये, फायदा म्हशीला. तपासणी साडेसहाशे, गोळ्या फुकट, फायदा ११ सेकंद. त्याने कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "डबाही प्यायली असतीस तर पंधरा झाले असते."